फुकटचा आवाज

कॉम्प्युटरमधली बाई मेली ती सोमवारी, आणि तिला मारलं सरकारी आदेशानं.

बाई म्हणजे नुसता आवाज हो. गंधालीला जन्मापासून दिसत नव्हतं, आणि पडद्यावर जे काही असेल ते ही बाई तिला इंग्रजीत वाचून दाखवायची. भिलाईच्या कुणी ओळखीच्यानं चोरून उतरवून दिलेला प्रोग्राम होता तो. चोरीचा माल तो चोरीचाच. बाई थोडा वेळ बरी बोलायची आणि मग वाक्य अर्धवट टाकून मुकी व्हायची. कॉम्प्युटर बंद करायचा, पुन्हा सुरू करायचा, की पुन्हा बोलायची. गंधाली तिला शिव्या घालायची, पण तिच्याशिवाय तिचं पान हलत नव्हतं.

मग फर्मान निघालं की कार्यालयात चोरीचं एकही सॉफ्टवेअर नको. कॉम्प्युटर पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस आला आणि बाईला पुसून गेला. रीतसर विकत घ्यायची तर गंधालीचा दोन वर्षांचा पगार लागला असता. तिनं साहेबांकडे अर्ज दिला. साहेब म्हणाले, "देखेंगे." साहेबांचं 'देखेंगे' म्हणजे काय, ते कुणाला सांगायला नको.

एरवी हेही तिनं निभावून नेलं असतं, कारण तिचं खरं काम टेलिफोनच्या बोर्डावर होतं. छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, तेव्हा रातोरात खाती उघडली, खुर्च्या आल्या, लाल दिव्याच्या गाड्या आल्या. आणि या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला बोर्डावर दोन ऑपरेटर लागले. एक गंधाली आणि दुसरे नीलकंठ. तेही आंधळे, पन्नाशी उलटलेले, गुढियारीत राहणारे. दोघं कलेक्टर दरावर, म्हणजे रोजंदारीवर. आता नवं यंत्र येणार होतं, जे स्वतःच फोन उचलून 'एक दाबा, दोन दाबा' म्हणणार होतं. महिनाअखेर बोर्ड बंद. आंधळ्यांसाठी कार्यालय सहायकाची जागा निघाली होती, पक्की, पेन्शनची, पण एकच. टेस्ट कॉम्प्युटरवर. दिल्लीला पाठवायचं इंग्रजी पत्र ऐकून टाइप करायचं, दुरुस्त करायचं आणि छापून द्यायचं.

आवाजच नाही तर दुरुस्त काय करणार, कपाळ?

ही जागा गेली तर काय, ते गंधालीला पक्कं ठाऊक होतं. पुण्याहून अनिमेषचा, तिच्या भावाचा, फोन आला होता. "ताई, कशाला मरमर करतेस? आईला घेऊन ये इकडे. तुला काही करावं लागणार नाही." काही करावं लागणार नाही! पोरगा मनापासून बोलत होता, हेच वाईट. नोकरी लागण्याआधीची सगळी वर्षं तिनं पुरानी बस्तीतल्या त्या खोलीत खुर्चीवर बसून काढली होती. आई, वनमालाबाई, समोर ताट ठेवायची, "बस हं बाळा," म्हणायची. पाहुणे तिच्यादेखत तिच्याबद्दल आईला विचारायचे, "ही चहा घेईल का?" पुन्हा त्या खुर्चीवर बसण्यापेक्षा खारून नदी जवळ केलेली बरी, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. एकदा नाही, कितीदा तरी.

असे दिवस चालले असताना नीलकंठांनी तिच्या हातावर सीडीची एक गुळगुळीत चकती ठेवली.

"हे घे. लिनक्स म्हणते याले. विंडोजच्या जागी चालते. यात बोलनारा आवाज हाये. भाच्यानं दिली मले, म्या तुह्यासाठी तिची कॉपी केली."

"चोरीचा?"

"नाही ना! फुकट हाये. ज्यायनं बनवला तेच म्हनते का वाटा लोकायले."

"फुकट काहून वाटतील हो कुणी? काहीतरी भानगड असन," गंधाली म्हणाली. आता बघा गंमत. चोरीचा माल वर्षानुवर्षं बिनधास्त वापरणारी ही पोरगी, फुकट म्हटल्याबरोबर चकती परत करायला निघाली.

"तू लावून तर बघ. मशीनमंधी काही टाकाच लागत नाही. चकती घाल, चालू कर. काम झालं का काढून घे. मशीनवर मागं काहीच राहत नाही."

जेवणाच्या सुटीत तिनं लावून पाहिलं. नीलकंठांनी पाठ करून घेतलं होतं तसं: आधी एंटर, मग वरच्या रांगेतली अमुक कळ, मग खालचा बाण मोजून. चकती आत बराच वेळ घरघरत राहिली. तिला वाटलं, झालं, बंद पडलं. आणि मग एक आवाज आला. काय तो आवाज! पत्र्याच्या डब्यात कोंबडा घालून बोलायला लावावा तसा. पण तो बोलत होता. अर्धा तास झाला, तास झाला, सुटी संपली, तरी बोलतच होता. मध्येच मुका झाला नाही. गंधालीला रडूच फुटलं. मारोती शिपाई चहा घेऊन आला होता, तो घाबरून "क्या हुआ दीदी?" करत राहिला.

त्यानंतर तिनं जिवाचं रान केलं. रोज टाइप करायचं, ऐकायचं, दुरुस्त करायचं, बंद करायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरी पाटी. नीलकंठ त्यांच्या भाच्याकडे सराव करत. दोघं बोर्डावर शेजारी बसून एकमेकांना कळा विचारत. एक जागा आणि दोन माणसं, यावर दोघंही चकार शब्द बोलत नसत.

टेस्टच्या मशीनवर चकती लावायला परवानगी हवी होती. ती आणायला गंधालीच साहेबांकडे गेली. कंपनीचा माणूस तिथंच होता, तो लगेच म्हणाला, "सर, बाहर की सीडी? वायरस आ जाएगा." गंधाली अक्षरशः हातापाया पडली. "साहब, ये मशीन में कुछ नहीं डालता. निकाल लो तो कुछ नहीं बचता. आपकी मशीन जैसी थी वैसी की वैसी." साहेबांनी दोनदा विचारलं, "कुछ नहीं बचता न?" ती दोनदा म्हणाली, "कुछ नहीं." मग साहेबांनी सही केली.

आपण काय बोलून गेलो, हे तिच्या डोक्यात आलंच नाही.

टेस्ट तिची सकाळी, नीलकंठांची जेवणानंतर. दोघांचीही परीक्षा असल्यानं बोर्ड मारोतीवर सोपवलेला. गंधाली आत गेली, चकती घातली, कानाला हेडफोन लावला. कोंबडा बोलू लागला आणि तिची भीती गेली. साहेबांच्या स्टेनोनं पत्र सांगितलं, तिनं ते उतरवलं. एक तारीख चुकली होती, ती ऐकताना सापडली, सुधारली. मग पत्र साठवलं. आवाजानं सांगितलं की साठवलं. तिनं हेडफोन काढला. एवढं छान तिला सरावातही जमलं नव्हतं.

"हो गया मैडम? प्रिंटर तो हमारे विंडोज पे लगा है," कंपनीचा माणूस म्हणाला. त्यानं मशीन बंद केली, चकती काढून तिच्या हातात दिली, मशीन पुन्हा सुरू केली. मग माउसची टकटक ऐकू येत राहिली. बराच वेळ.

"कहाँ सेव किया था?"

"वहीं... सामनेच. डेस्कटॉपवर."

"यहाँ तो कुछ नहीं है, मैडम."

तेव्हा तिला कळलं. सगळं एकदम कळलं. चकती मशीनवर काहीच ठेवत नाही. व्हायरस ठेवत नाही, आणि पत्रही ठेवत नाही. जे काही होतं ते मशीन चालू होती तोवर होतं. तिनं स्वतःच्या तोंडानं साहेबांना हे दोनदा सांगितलं होतं.

"साहब, एक बार और. दस मिनट," ती म्हणाली. परीक्षा घ्यायला साहेब तिथंच बसले होते. तसे ते वाईट नव्हते. पण त्यांनी सांगितलं की एकीला दोनदा बसवलं तर दुसरा उद्या कोर्टात जाईल. कागद नाही, तर मार्क नाहीत.

बाहेर व्हरांड्यात बाक होता. तिथं नीलकंठ डबा उघडून बसले होते. तिखट झुणक्याचा वास येत होता.

"कसा गेला पेपर?"

"बरा गेला," गंधाली म्हणाली. असं का म्हणाली? देव जाणे. तोंडातून निघून गेलं.

"घे, जेव थोडं. तुह्या वहिनीनं, रमानं, तुह्यासाठी जास्तीची भाकर देल्ली."

तिनं भाकरीचा तुकडा हातात घेतला आणि तसाच धरून बसली. मारोती मघाशीच बोर्ड सोडून येऊन तिच्या कानाशी कुजबुजून गेला होता, "दीदी, रोओ मत. दोनों का गड़बड़ हुआ तो टेस्ट फिर से होगा, दफ्तर के बाबू बोल रहे थे." दोघांचं! म्हणजे आपण फक्त गप्प बसायचं. आणखी काही नाही. नीलकंठ आत जातील, छान टाइप करतील, साठवतील, तो माणूस मशीन बंद करील आणि त्यांचंही पत्र हवेत जाईल. मग पुन्हा टेस्ट, पुन्हा संधी. यात पाप ते काय? कुणाचं काही हिसकावायचं नाही, नुसतं गप्प राहायचं. तिनं स्वतःला तिथंच बसल्या बसल्या समजावलं. आणि ती खुर्ची आठवली. आणि 'ही चहा घेईल का?' आठवलं.

हातात भाकरी होती. जास्तीची.

"नीलकंठभैया," ती एकदम म्हणाली, "माझं गेलं. सगळंच गेलं. मशीन बंद केली की पत्र पुसलं जाते. तुम्ही पेन ड्राइव्ह घेऊन जा, त्याच्यावर साठवा. मारोतीले मागा, बाबूजवळ असन. उठा, वेळ नाही." आणि मग तिला हुंदका आवरेना.

नीलकंठांचं भाकरी चावणं थांबलं. मग त्यांच्या खिशात हात गेल्याचा आवाज आला, आणि त्यांनी तिच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. बोटाच्या पेराएवढं. टोपण लावलेलं. पेन ड्राइव्ह.

"म्या घेऊनच आलतो," ते म्हणाले. "भाच्याकडे सराव करताना माह्या दोन चिठ्ठ्या अशाच पुसल्या गेल्या होत्या. तवापासून मले मालूम हाये."

"मग मले सांगायचं विसरले तुम्ही."

"विसरलो नाही. सांगतलं नाही."

गंधालीचं रडू जागच्या जागी आटलं. "आठ वर्षं एका बोर्डावर बसलो आपण," ती म्हणाली. "माझ्या आईच्या दुखण्यात तुम्ही डबल ड्यूटी केली. चकती देता, कळा शिकवता, अन् एवढंच लपवून ठेवता? लाज कशी नाही वाटली हो तुम्हाला?"

"वाटली. रोज वाटली." त्यांनी डबा बंद केला. "पन्नाशीच्या आंधळ्याले कोन उभं करते, गंधाली? तू तरी जवान हायेस."

"नीलकंठ कौन है? चलिए!" आतून हाक आली.

नीलकंठ उठले. त्यांनी हात पुढे केला नाही, पेन ड्राइव्ह मागितला नाही. काठी फरशीवर वाजत निघाली. आपली चकती तेवढी घेऊन, पेन ड्राइव्हशिवाय चालले होते ते आत, मुद्दाम. गंधालीनं मूठ घट्ट केली. इतकी घट्ट की टोपणाची कड रुतली. राग खरा होता तिचा, आणि तो जाणारही नव्हता. खरं सांगायचं तर तिला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं, साऱ्या कार्यालयानं ऐकावं असं. काठी दारापर्यंत पोचली.

"थांबा!" ती ओरडली. धडपडत, बाकाला गुडघा आपटत, ती आवाजाच्या दिशेनं गेली आणि त्यांचा हात शोधून त्यात तो पेन ड्राइव्ह कोंबला. "माफ नाही केलं मी तुम्हाला. समजलं? जा आता."

दार लागलं. थोड्या वेळानं आत घरघर सुरू झाली. तिला ऐकायचं नव्हतं. ती भिंतीला हात लावत लावत बोर्डाच्या खोलीत आली, मारोतीला म्हणाली, "जा, चाय पी के आ," आणि आपल्या जागेवर बसली. नीलकंठांची खुर्ची शेजारी रिकामी होती. जागा त्यांना मिळणार, हे तिला आता लख्ख कळत होतं. महिनाअखेर पुण्याचं तिकीट.

बोर्ड वाजला. तिनं सवयीनं उचलला.

"रायपूर."

"जगदलपूर बोल रहा हूँ, दीदी." तिकडचा ऑपरेटर. त्यालाही दिसत नव्हतं. दोघं कधी भेटले नव्हते, पण त्याचा खोकलासुद्धा ती ओळखायची. "दीदी, हमारा भी बोर्ड बंद हो रहा है. टेस्ट है अगले हफ्ते. सुना है कोई फ्री वाला आवाज है? मिल जाएगा क्या?"

तो "हलो, हलो" करत राहिला. ओढणीच्या टोकानं तिनं तोंड पुसलं. चकती अजून तिच्याजवळच होती, घामानं चिकट झालेली.

"हव, मिल जाएगा," ती म्हणाली. "कल की बस से भेजती हूँ, कॉपी करके. कळा भी सब बता दूँगी. पण पहली बात सुन ले, सबसे पहली. लिख ले कहीं. पेन ड्राइव्ह है तेरे पास?"