एका परातीतल्या पुड्या

नागपूरहून आलेल्या त्या पत्राला अच्युतरावांनी उत्तर दिले नव्हते. फाल्गुनात आलेले पत्र ज्येष्ठ लागला तरी टेबलाच्या खणात तसेच पडून होते. रोज खण उघडायचा, पाकिटाचा कोपरा दिसला की बंद करायचा.

पत्रात मोजून चार ओळी होत्या. आंजी गावातल्या साठीपुढच्या चोवीस बायकांवर एका भुकटीची सहा महिने चाचणी झाली होती. भुकटी म्हणे हाडे आणि गुडघे बळकट करणारी. बारा जणींना लाल खुणेच्या पुड्या, बारा जणींना निळ्या. एका रंगात खरी भुकटी, दुसऱ्यात नुसते तांदळाचे पीठ. कोणत्या रंगात काय, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना संमतीचा कागद वाचून दाखवायला आणि साक्षीदार म्हणून सही करायला कोणी त्रयस्थ माणूस हवा होता. शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षे काढलेले अच्युतराव आयतेच सापडले. त्यांनी अकरा सह्या केल्या. पत्नी सुमित्राबाईही चाचणीत होत्या, पण त्यांनी आपला कागद आपणच वाचला.

चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीच्या डॉक्टर अस्मिता यांनी त्या पत्रात विचारले होते, ‘पुड्या ठरल्याप्रमाणे घेतल्या गेल्या का? आपल्या पाहण्यात काही आले असल्यास निःसंकोच कळवावे.’ त्या ‘निःसंकोच’पाशीच अच्युतराव अडले. तो गुण त्यांच्यात कधी नव्हताच.

पाहण्यात मात्र आले होते. दर सोमवारी भुकटी बनवणाऱ्या कंपनीची मेघा घरोघर फिरून रिकाम्या पुड्या गोळा करी आणि अच्युतरावांच्या ओट्यावर बसून मोजी. पौषात चाचणीतल्या जिजाबाई बारा दिवस लेकीकडे तळेगावला गेल्या होत्या, तरी त्यांच्या त्या आठवड्याच्या सातही पुड्या रिकाम्या होऊन मेघाच्या पिशवीत होत्या. मग भुकटी खाल्ली कोणी? पोरगी घरीच पुड्या फोडून आकडे जुळवते, अशी शंका त्यांच्या मनात शिरली ती निघेना. लिहावे तर तिची नोकरी जाणार. आणि शंका खोटी निघाली तर? एकदा एका मुलावर पुस्तक हरवल्याचा आळ घेतला होता त्यांनी, आणि महिनाभराने पुस्तक दुसऱ्याच कपाटात सापडले होते. म्हणून ते गप्प राहिले. पण मेघा “काका, बरे आहात ना?” म्हणाली की त्यांची नजर आधी तिच्या पिशवीकडे जाई.

ज्येष्ठात कंपनीचा योगेंद्र गुळगुळीत रंगीत पत्रक वाटून गेला. ‘लाल गटातील महिलांच्या गुडघ्यांत लक्षणीय सुधारणा.’ सुमित्राबाई लाल गटातल्या. त्यांनी पत्रक देवाच्या फोटोमागे खोवून ठेवले. त्याच आठवड्यात वर्ध्याच्या डॉक्टरांनी त्यांची तपासणी करून सांगितले होते, हाडे फार ठिसूळ झाली आहेत, एखादे वेळी नुसत्या घसरण्यानेही खुबा मोडेल, इंजेक्शने लगेच सुरू करा.

“सोमवारी वर्ध्याले जायचं आहे,” अच्युतराव म्हणाले.

“कायले? मी लाल आहो ना. छापून आलं.”

“डॉक्टरनं हाडं पाहिली तुही.”

“त्यानं एक दिवस पाहिली. योगेंद्र सहा महिने पाहून राह्यला होता. आता नव्या पुड्या येतीन, त्याच खाईन मी.”

अच्युतरावांनी पत्रक काढून तीनदा वाचले. ज्या कागदाच्या भरवशावर ही बाई औषध नाकारते आहे, तो मेघाने जुळवलेल्या पुड्यांवर उभा असेल तर? शेवटी जमिनीकडे पाहत त्यांनी विचारले, “जिजाबाई तळेगावले गेलती, तवा तिच्या पुड्या मेघानंच फोडल्या का?”

सुमित्राबाई अंबाडी निवडत होत्या. त्या हसल्या. “तिले काऊन बोल लावता? आमी फोडल्या.”

“आमी म्हंजे?”

“मंडळातल्या बायांनी. दर गुरुवारी इथंच तं जमत होतो. तुमी बाया दिसल्या का वाचनालयात पळता, तुमाले काय दिसन?”

चोवीसही जणी एकाच भजनी मंडळातल्या. जिला निळी पुडी मिळाली तिने काय पाप केले होते, असे सुमित्राबाईंनाच पहिल्या गुरुवारी वाटले. गोकुळाष्टमीला सगळ्यांच्या घरचे पोहे-लाह्या एकत्र कालवून काला करतात, तसेच त्यांनी केले. आठवड्याच्या साऱ्या पुड्या एका परातीत, त्यात भाजलेले चण्याचे पीठ आणि गूळ, आणि प्रत्येकीला सात लाडू.

“अन् जिजाबाईचे?”

“कंडक्टरजवळ दिले. तळेगावच्या गाडीत.”

अच्युतरावांना आधी मेघावर घेतलेल्या संशयाची लाज वाटली. दुसरी गोष्ट मागाहून, हळूच ध्यानात आली.

“म्हंजे लाल काय अन् निळी काय, सारख्याच खाल्ल्या तुमी.”

“एकीले कण जास्त नाई.”

“मंग लालच सुधारली अन् निळी नाई, हे कसं?”

सुमित्राबाईंचा हात भाजीत थांबला. त्या म्हणाल्या, “सुलोचनाची पुडी निळी. ते तं माह्या आधी पायऱ्या चढते.” मग अंबाडीचे एक देठ खुडून, “शेवटच्या दिवशी खुर्चीवरून किती वेळा उठता येते ते मोजलं ना योगेंद्रनं. माह्या वेळी म्हणे, मावशी अजून एक, होते होते. सुलोचनाले दम लागला तं म्हणे, बसा आता.”

“त्याले तुमचा रंग माईत होता?”

“कार्डावरच होती खूण.”

योगेंद्रने लबाडी केली, की हौसेच्या भरात त्याचे त्यालाच कळले नाही, हे अच्युतरावांना ठरवता येईना. मेघावर मनातल्या मनात खटला चालवून झालाच होता. आता दुसरा नको. जे ठाऊक आहे तेवढेच लिहायचे.

“लिहितो म्हणतो मी,” ते म्हणाले. “पण मंडळाचं नाव येईन. चाचणी रद्द होईन. बाया तुह्याशी बोलनार नाईत.”

“महिनाभर नाई बोलतीन. भजनाले पेटी कोण वाजवन मंग?” सुमित्राबाईंनी भाजी सुपात लोटली. “कल्पना माही होती, ते लिहा. बाकी कोनाचं नाव नोका गोऊ.” उठताना खुब्यावर हात ठेवून त्या क्षणभर थांबल्या. “सोमवारी कितीची गाडी आहे?”

चार वेळा पत्र लिहून चार वेळा फाडले. ‘कदाचित’ सगळीकडून काढला आणि योगेंद्रबद्दलच्या ओळीत तेवढा ठेवला. मेघाने दिलेल्या पुड्याच मोजल्या, तिचा दोष नाही, हे वाक्य सगळ्यात वर घेतले. उशिराबद्दलची क्षमा तीन ओळींवरून एका ओळीवर आणली.

सोमवारी गाडीच्या आधी ते पोस्टात गेले. सुमित्राबाई दाराशी पिशवी घेऊन उभ्या होत्या. अच्युतरावांनी पत्ता वाचला, उलटून पुन्हा वाचला, पाकीट खिडकीतून आत सरकवले आणि दुसरे टोक धरूनच राहिले.

“काका,” आतून पोस्टातला चंदन म्हणाला, “सोडा ना आता. शिक्का मारतो.”

त्यांनी सोडले.