वाचनालयातला झोपाळा

मित्रांनो, शाळेच्या वाचनालयात, पुस्तकांच्या कपाटांच्या मधोमध झोपाळा टांगलेला तुम्ही कधी पाहिला आहे का? नसेलच पाहिला. माझ्याखेरीज दुसरा मीही पाहिलेला नाही. मी एक जुना सागवानी झोपाळा. गुजरातेत, चरोतरातल्या एका गावात राहतो. इथे मला हिंचको म्हणतात. वय विचारू नका. कड्या झिजल्या आहेत, एवढे सांगतो.

माझा जन्म संखेड्याचा. गोवर्धन खरादी नावाच्या कारागिराने मला घडवले. एकसंध फळी, तिच्यावर लाखेची तांबडी-सोनेरी नक्षी, चार पितळी सळ्या आणि सळ्यांवर मोर नि हत्ती. शेवटचा हात फिरवताना खरादीदादा म्हणाले होते, "याच्यावर बसलेली माणसं भांडायची नाहीत." ते काही खरे ठरले नाही. तंबाखूचे व्यापारी चतुरभाई पटेल यांच्या घरी मी चाळीस वर्षे होतो आणि इतकी भांडणे ऐकली की माझ्या मोरांनीही माना फिरवल्या असत्या. मात्र भांडतानाही कोणी पायाने झोका द्यायचे थांबवले नाही. माझ्यावर बसून अकरा लग्ने ठरली. त्यातली दोन मोडली, पण त्यात माझा दोष नाही.

पुढे चतुरभाईंची मुले अमेरिकेला गेली. घर विकले गेले. म्हातारा-म्हातारी फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि फ्लॅटच्या छताला कड्या नव्हत्या. "शाळेला देऊन टाका," म्हातारी म्हणाली आणि पदराने डोळे पुसत आत गेली.

शाळेचे मुख्याध्यापक जशुभाई साहेब यांनी चतुरभाईंकडे देणगी म्हणून संगणक मागितला होता. टेम्पोतून उतरलो मी.

"देणगी ती देणगी," साहेब उसासा टाकून म्हणाले. "पण याला टांगू कुठे? माझ्या डोक्यावर?"

शिपाई मफतकाका म्हणाले, "साहेब, वाचनालयाच्या तुळईला चार कड्या आहेत. तुमच्या डोक्यावर एकही नाही."

अशा रीतीने मी वाचनालयात आलो आणि तरलिकाबेनच्या तावडीत सापडलो.

तरलिकाबेन या आमच्या ग्रंथपाल. कपाटांच्या किल्ल्या सदैव कमरेला. त्यांच्या मते पुस्तकांचे शत्रू दोन : वाळवी आणि विद्यार्थी. पैकी वाळवीवर औषध मिळते. मला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. मफतकाकांकडून मला जाड दोरीने खिडकीच्या गजांना करकचून बांधून घेतले आणि माझ्यावर जाडजूड शब्दकोशांची चळत रचली. मित्रांनो, त्यानंतर सात वर्षे मी हललो नाही. घंटेला कापूस गुंडाळून टांगून ठेवावे, तसे माझे झाले. धूळ बसली. मोरांच्या तुऱ्यांत कोळ्यांनी जाळी विणली. कोणी माझ्याकडे पाहीना.

आणि मग झंखनाबेन आल्या. त्या विशेष शिक्षिका. ज्या मुलांना शिकण्यासाठी जरा निराळी वाट लागते, त्यांच्यासाठी स्कूटरवरून पाच शाळा फिरायच्या. आमच्याकडे त्यांचे वार मंगळवार आणि शुक्रवार.

"जागा नाही हो बेन," जशुभाई साहेब म्हणाले. "एक वाचनालय तेवढं रिकामं असतं."

"रिकामं?" तरलिकाबेन उसळल्या. "साहेब, चार हजार पुस्तकं आहेत आत!"

"मग बरंच झालं," झंखनाबेन हसून म्हणाल्या. "बिचाऱ्यांना भेटायला कोणी तर येईल."

पाच मुले आली. त्यांतल्या दोघांची ओळख करून देतो. पहिला धैर्य. बारा वर्षांचा, गोलमटोल, डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेला. नाव धैर्य, पण धीर औषधालाही नाही. दिसेल त्याला "जय श्री कृष्ण!" असे ठणकावून सांगायचा आणि उत्तर मिळेपर्यंत सोडायचा नाही. वाचताना एक अक्षर दुसऱ्यात मिसळू नये म्हणून झंखनाबेननी त्याला पुठ्ठ्याची पट्टी कापून दिली होती. तिच्या फटीतून एका वेळी एकच ओळ दिसे. त्या फटीतून तो पुस्तकही वाचायचा आणि तरलिकाबेन काय करतात तेही बघायचा. त्यांनी वैतागून त्याला गुंतवायला तारखेचा शिक्का दिला, तर त्याने कामाचा धडाकाच लावला. सहीसाठी आलेल्या जशुभाई साहेबांच्या पांढऱ्या बाहीवर त्याने टपकन शिक्का मारला.

"साहेब, पंधरा दिवसांत परत या," त्याने बजावले. "उशीर झाला तर मी ओरडेन."

दुसरी पंक्ती. नऊ वर्षांची, स्वमग्न. ती फार बोलत नसे. खुर्चीवर तर बसतच नसे. जणू ती खुर्ची नव्हे, तापलेला तवा. कपाटांभोवती पळत राहायची. मधेच एखादे पुस्तक काढून त्याचा वास घ्यायची आणि जागच्या जागी ठेवायची. पंखा कटकट करू लागला की कानांवर हात ठेवायची. झंखनाबेन गोष्ट वाचत आणि पंक्ती पळत असे.

"ही पोरगी इथे येते तरी कशाला?" तरलिकाबेन कुरकुरत. "पुस्तकात बघत नाही, माझ्याकडे बघत नाही."

"ती ऐकते, बेन."

"पळता पळता?"

"पळता पळता. तुम्ही नाही का पोळ्या लाटता लाटता सगळ्या शेजाऱ्यांचं ऐकत?"

तरलिकाबेन फणकाऱ्याने पुस्तके पुसू लागल्या.

एका शुक्रवारी पंक्ती पळता पळता माझ्यापाशी थबकली. तिने दोरीला हात लावला. ती गाठ मफतकाकांची होती, म्हशी बांधणाऱ्या हातांची. पण पंक्तीने ती दोन मिनिटांत सोडवली. मी सात वर्षांनी मोकळा झालो आणि सगळे शब्दकोश धाड धाड जमिनीवर कोसळले. तरलिकाबेन किंचाळल्या. पंक्ती मात्र शांतपणे माझ्यावर चढून बसली आणि तिने जमिनीवर पाय टेकून झोका दिला.

कुईं... कुईं...

झंखनाबेन हुशार. त्यांनी ना कौतुक केले, ना हाक मारली. गोष्ट जिथे होती तिथूनच पुढे वाचत राहिल्या. विहिरीच्या पाण्यात आपले तोंड बघायला निघालेल्या एका उंटाची गोष्ट होती ती. पंक्तीचे डोळे छताला लागलेले, पाय माझ्या तालावर. पान संपले तेव्हा झंखनाबेन मुद्दाम थांबल्या. माझा झोकाही थांबला.

"मग?" पंक्ती म्हणाली.

त्या खोलीत तिने उच्चारलेला हा पहिला शब्द. झंखनाबेननी पान उलटले आणि उंट पुढे चालू लागला.

माझे कुरकुरणे मात्र तरलिकाबेनना सोसेना. "डोक्यावर 'शांतता राखा' अशी पाटी, आणि खाली हे असलं संगीत!" मफतकाकांनी तत्परतेने दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघरातले शेंगदाण्याचे तेल माझ्या कड्यांना पाजले. आवाज थांबला, पण मुंग्या आल्या. तुळईपासून फळीपर्यंत मुंग्यांची रांग लागली आणि धैर्य तिच्याशेजारी उभा राहून, "एकेक करून या, ढकलाढकली नको," असे बजावत बसला. शेवटी झंखनाबेननी स्कूटरचे ग्रीस आणले, तेव्हा मुंग्या आणि मी दोघेही सुटलो.

आता तुम्हाला एक गुपित सांगतो. एकदा मधल्या सुट्टीत खोलीत कोणी नाही असे पाहून तरलिकाबेन हळूच माझ्यावर येऊन बसल्या. एका हातात खाखऱ्याचा डबा, दुसऱ्या हातात एक कादंबरी. सात वर्षांत मी त्यांना पुस्तके पुसताना पाहिले होते, वाचताना पाहिले ते त्या दिवशी. इतक्यात पंक्ती आली. सुट्टीतला गोंगाट तिला सहन होत नसे. तरलिकाबेन चोरी पकडल्यासारख्या उठू लागल्या, पण पंक्ती त्यांच्याकडे न बघताच शेजारी बसली आणि तिने झोका दिला.

"अगं, हळू! माझा खाखरा सांडेल!"

पंक्तीने वेग कमी केला. थोड्या वेळाने तरलिकाबेन पुस्तकातले वाक्य पुटपुटल्या. मग जरा मोठ्याने वाचू लागल्या. घंटा झाली तेव्हा दोघींनी मिळून डबा संपवला होता. पुढे रोजचाच हा नेम झाला. त्याबद्दल कोणी कोणाशी अवाक्षर काढले नाही. फक्त कपाटांना कुलपे लागेनाशी झाली.

सुखाला दृष्ट लागते ती अशी. एके दिवशी संस्थेच्या मंडळाचे एक सदस्य शाळा बघायला आले. त्यांनी दारातून पाहिले, तर पंक्ती झोके घेत होती आणि धैर्य पालथा झोपून मोठमोठ्याने एकेक ओळ वाचत होता.

"हे वाचनालय आहे की बाग?" त्यांनी विचारले आणि चहा न घेताच निघून गेले.

पाहुणा चहा न घेता गेला, म्हणजे जशुभाई साहेबांची झोप गेली. त्यांनी तरलिकाबेनना बोलावून सांगितले, "शनिवारी मिस्त्री येईल. हिंचको भंगारात. आणि त्या पंक्तीच्या आईला सांगा, सध्या तिला घरीच ठेवा म्हणावं. नाहीतरी ती कुठे एका जागी बसते?"

मित्रांनो, भंगाराची मला फारशी भीती वाटली नाही. जुन्या लाकडाला ते माहीत असते. पण पंक्तीला घरी ठेवा, हे ऐकून माझ्या सळ्या गार पडल्या. शनिवारी झंखनाबेन नसत. तिच्या बाजूने बोलणार कोण?

तरलिकाबेन त्या दिवशी घरी उशिरा गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली, नाकावर चष्मा चढवला आणि काहीतरी लिहिले. लिहिताना त्या एकट्याच हसत होत्या. पंक्तीच्या आईला मात्र त्यांनी काहीच कळवले नाही.

शनिवार उजाडला. मिस्त्री हातोडा घेऊन आला. मागे साहेब, साहेबांमागे मफतकाका. मी बघतो तर पंक्ती माझ्यावर, आणि तरलिकाबेन दारात आडव्या.

"बाजूला व्हा, बेन."

"होते की. पण साहेब, वाचनालयातलं पुस्तक बाद करायचं तर समितीचा ठराव लागतो. तीन सह्या. तुमचंच परिपत्रक आहे."

"पुस्तक? कुठलं पुस्तक?"

तरलिकाबेननी वही उघडून खणखणीत आवाजात वाचले, "नोंद क्रमांक चार हजार दोनशे सतरा. नाव : हिंचको. लेखक : गोवर्धन खरादी, संखेडा. पृष्ठसंख्या : एक. बांधणी : पितळी. स्थिती : उत्तम."

मफतकाकांना ठसका लागला. मिस्त्रीने हातोडा खाली ठेवला.

"अहो बेन, ही काय थट्टा आहे? शिक्का कुठे आहे यावर?"

"जय श्री कृष्ण, साहेब!" धैर्य माझ्याखालून सरपटत बाहेर आला. "खाली बघा. नऊ मारलेत."

साहेबांनी वाकून पाहिले. नऊ शिक्के होते. परिपत्रकांवर ज्याचा सारा जन्म गेला, त्या माणसाला नोंद आणि शिक्का यांच्यापुढे माघार घ्यावी लागली. तरीही ते रागाने म्हणाले, "ठीक आहे, ठराव करू. पण ही मुलगी! ही इथे करते काय, ते तरी सांगा."

तरलिकाबेनचा आवाज एकदम खाली आला. "साहेब, एकोणीस वर्षं मी पुस्तकं सांभाळली. कोणाला वाचून दाखवली नाहीत. हिनं मला वाचायला लावलं. हिला घरी पाठवायचं असेल, तर मलाही पाठवा."

तेवढ्यात पंक्ती माझ्यावर एका बाजूला सरकली. तिने साहेबांकडे पाहिले नाही. फक्त फळीवर दोनदा थोपटले. इकडे दारात आलेल्याला हिंचक्यावर असेच बसवतात.

"बसा," ती म्हणाली.

चरोतरात वाढलेला माणूस या शब्दाला नाही म्हणू शकत नाही. जशुभाई साहेब अवघडून बसले. पंक्तीने झोका दिला, तिच्या वेगाने, आणि हातातले पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवले. साहेब वाचू लागले, पण प्रार्थनेला ध्वनिक्षेपकावर बोलतात त्या आवाजात. पंक्तीने तळहात त्यांच्या तोंडावर ठेवला.

"हळू."

मुख्याध्यापकांना वाचनालयात शांत करणारी पहिली व्यक्ती ती. साहेबांनी हळू वाचायला सुरुवात केली. चार पाने झाली, दहा झाली. मिस्त्री दाराशी उकिडवा बसून ऐकू लागला. गोष्ट संपल्यावर त्यानेच विचारले, "साहेब, हातोडा आणलाच आहे, तर तो कटकट करणारा पंखा नीट करून देऊ का?"

तो ठराव आजतागायत झालेला नाही. तीन सह्यांपैकी एक तरलिकाबेनची लागते आणि त्यांचे पेन नेमके तेव्हाच संपते. सोमवारी साहेबांनी नवे परिपत्रक काढले : वाचनालयात बसून, उभ्याने, पडून अथवा झोके घेत वाचण्यास हरकत नाही. मंडळाचे ते सदस्य पुन्हा आले, तेव्हा साहेबांनी त्यांना आधी माझ्यावर बसवले आणि मगच चहा विचारला. त्यांनी दोन कप घेतले.

आता माझी लाख उडाली आहे आणि एक हत्ती सोंडेविना आहे. पण रिकामा मी क्वचितच असतो.

मित्रांनो, म्हाताऱ्याचे एवढे ऐका. जुन्या वस्तूंना बांधून ठेवू नका, अधूनमधून त्यांच्यावरची धूळ झटका. आणि तुमच्या वर्गात कोणी हलत हलत वाचत असेल, बोट ठेवून वाचत असेल, कानांनी वाचत असेल, तर 'नीट बस' असे लगेच म्हणू नका. आधी आपण जरा सरकून त्याला जागा करून द्या.