मेव्हण्याचं लिव्हर

स्कॅनचा रिपोर्ट कळल्यावर नवरा पहिल्यांदा बोलला ते एवढंच. "बाळ्याला सांगू नकोस."

बाळ्या हा तिचा धाकटा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करायचा. चाळिशी उलटली होती, पोरं कॉलेजात होती, तरी घरादाराला अजून बाळ्याच. नवऱ्याचं लिव्हर कॅन्सरने नासलं तेव्हा याने पोट फाडून घेऊन आपलं अर्ध्याहून जास्त लिव्हर दिलं होतं. त्याआधी मेव्हण्या-भावजींचं कधी धड पटलं नव्हतं. ऑपरेशननंतर मात्र दोघांचं असं गूळपीठ जमलं की तिलाच परकं वाटावं. घरात खटका उडाला की नवरा पोटावर हात ठेवून म्हणायचा, "मी कुठे चिडलोय? तुझा भाऊ चिडलाय आतून."

तीन वर्षं बरी गेली होती. आता नव्या लिव्हरमध्ये गाठी होत्या आणि फुप्फुसांतही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ऑपरेशनचा उपयोग नाही, गोळ्यांनी आजार जितका मागे रेटता येईल तितका रेटू. ती मान हलवत राहिली. रडू आलं नाही. पाय तेवढे भरून आले होते, कुठेतरी आडवं व्हावंसं वाटत होतं.

सोफे दुरुस्त करायचं त्यांचं छोटं दुकान होतं. नवरा सांगाडे ठोकायचा, रेक्झिन चढवायचा, ती कव्हरं शिवायची. त्या आठवड्यात बाळ्या दुकानात डोकावला तेव्हा नवरा आत झोपला होता आणि ती एकच शिवण तिसऱ्यांदा उसवत होती.

"ताई, काय झालंय?"

"कुठे काय."

"तू उसवत बसणारी बाई नाहीस."

तिच्यात खोटं बोलण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. तिने सांगून टाकलं. बाळ्या फोमच्या गठ्ठ्यावर बसला आणि बराच वेळ नखाने फोम कुरतडत राहिला.

"माझ्यातच काही खोट होती का गं?"

तिला धक्काच बसला. आत एक जण मेव्हण्याचं सोन्यासारखं लिव्हर मातीत घातलं म्हणून तोंड लपवत होता, बाहेर हा दुसरा. एकाची समजूत घालता घालता ती मेटाकुटीला आली होती. दोघांची घालायची कुठून?

"मला नको विचारूस," ती म्हणाली. "चल आमच्याबरोबर आणि डॉक्टरांना विचार."

तिने सांगितलं म्हणून नवरा तिच्यावर धुमसत राहिला. दवाखान्यात बाकावर ती दोघांच्या मधे बसली. आत गेल्यावर बाळ्याने तेच विचारलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. जुन्या लिव्हरमधल्या कॅन्सरच्या काही पेशी आधीच रक्तातून पसरल्या असणार, म्हणाल्या. कुठल्याही तपासणीत दिसणार नाहीत इतक्या बारीक. "तुम्ही दिलेला भाग निरोगी होता. आणि यांनीही पथ्य, औषध काही चुकवलेलं नाही."

"मग माझं परत वाढलंय ना? अजून थोडं काढा."

"तसं नाही करता येत. तुम्हाला धोका, आणि यांना फायदा नाही."

"अरे," नवरा म्हणाला, "तू काय रतीब घालणार आहेस का लिव्हरचा?"

बाळ्याला हसू फुटलं, मग डोळे पुसावे लागले. बाहेर आल्यावर नवरा भिंतीला टेकून उभा राहिला. "माफ कर रे. तुझं वाया गेलं."

"वाया कसलं भावजी? तीन वर्षं माझ्याच जिवावर ओरडत होतात ना सगळ्यांवर?"

"दोघंही गप्प बसा," ती म्हणाली. "मला भूक लागलीये."

गोळ्यांनी नवऱ्याच्या तळहातांची सालं निघाली. हातोडी धरवेना. बाळ्या काम सुटल्यावर दुकानात येऊ लागला. नवरा खुर्चीत बसून सांगायचा आणि तो रेक्झिन ओढायचा.

"अरे ताण, ताण. लिफ्टचा दोर ओढतोस तसा ओढ."

"लिफ्टचा दोर हाताने ओढत नाहीत, भावजी."

"म्हणूनच अडकतात तुमच्या लिफ्टा."

सुरकुत्या पडलेलं ते काम ती नंतर गुपचूप उसवून नीट करायची. त्यामुळे काम दुप्पट व्हायचं.

काही महिने आजार जागच्या जागी थांबला, मग पुन्हा हलला. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच गोळ्या बंद करू म्हटलं, आणि नवऱ्याने सुटल्यासारखा श्वास सोडला. हिवाळा सरता सरता तो घरीच वारला. बाळ्या उशाशी होता. ती पाणी आणायला उठली होती, तेवढ्यात.

माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं. एका सकाळी ती दुकान उघडायला गेली आणि कुणाच्या तरी अर्धवट सोफ्यावर जरा टेकली, ती झोपूनच गेली. बाळ्या आला तेव्हा दारात एक गिऱ्हाईक उभं होतं. त्याने बोट ओठांवर ठेवलं.

"उद्या या," तो हळूच म्हणाला, आणि शटर अर्धं खाली ओढून घेतलं.