टाकीवरची लाख

भय्याजीला आधी चोर दिसायचा, चोरी मागून. मोहाडीत त्याचा कोशाच्या रेशमी लुगड्यांचा धंदा होता. विणकरांकडून लुगडी घ्यायची, गाठोडं बांधायचं, गाठीवर लाख वितळवून ओतायची आणि ती गरम असतानाच पितळी शिक्का दाबायचा. मग गाठोडं नागपूरला जावो नाहीतर रायपूरला, शिक्का शाबूत तर माल शाबूत. बापानं शिकवलेली ही एकच गोष्ट त्यानं जन्मभर धरून ठेवली. लुगड्यांच्या पेटीला शिक्का, तुपाच्या बरणीलाही शिक्का. बायको रंभाबाई म्हणायची, "एक दिवस माह्या तोंडालेही लाख लावान तुमी." भय्याजी हसायचा नाही. विचार करायचा.

आणीबाणी उठली त्या साली त्यानं भंडाऱ्याच्या एका ठेकेदाराकडून जुनी मोटार घेतली. चालवता त्यालाही यायची, पण चालवायचा धाकटा भाऊ तेजराम. तो बायको शकुंतलेला घेऊन त्याच घरात, मागच्या दोन खोल्यांत राहायचा. गावात गॅरेज नव्हतं, म्हणून मोटारीचं दुखणंखुपणंही तोच आंगणात काढायचा. सेल्फ फिरेना तर बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवायचा. इंजिन अडखळलं की पॉइंट काचकागदावर घासायचा. रेडिएटर गळायला लागला तेव्हा त्यानं पाण्यात मूठभर हळद टाकली आणि गळती थांबली. भय्याजीनं एवढंच विचारलं, "हळद घरचीच घेतली ना?"

पुढं मोटार पेट्रोल जास्त खायला लागली. तेजरामनं प्लग काढून दाखवले. काजळीनं काळेकुट्ट झाले होते.

"चोकची तार अडकली, दादा. इंजिन नाहक पेट्रोल पिऊन राहिलं. कार्बोरेटर खोलाव लागते."

"कार्बोरेटर खोलशील म्हणजे पेट्रोल तुह्याच हाती."

"इंजिनातलं वाटीभर पेट्रोल घेऊन मी काय करीन जी?"

"तेच तं मले समजून नाही राहिलं," भय्याजी म्हणाला.

अशा माणसाला समजावणं म्हणजे भिंतीला दूध पाजणं. त्यानं कार्बोरेटरला हात लावू दिला नाही. उलट संध्याकाळी लाखेची कांडी आणि शिक्का घेऊन मोटारीमागं बसला. टाकीच्या झाकणाभोवती पट्टी गुंडाळली आणि वरून लाख ओतली. झाकणाच्या मधोमध सुई जाईल एवढं भोक होतं. हे कायले ठेवलं असन, त्याच्या मनात आलं. ठेवलं म्हणजे कोणाच्या तरी सोयीचंच असणार. त्यानं तेही लाखेनं बुजवलं आणि शिक्का मारला. टाकी आता लुगड्याच्या गाठोड्यासारखी झाली. पेट्रोल भरायला तो स्वतः जायचा, स्वतः लाख फोडायचा, घरी येऊन पुन्हा लावायचा. झाकण उघडताना टाकी फुस्स करायची. पेट्रोलची वाफ असेल, असं तो समजला.

तेव्हापासून मोटार रस्त्यात बंद पडू लागली.

मोहाडीहून निघताना चांगली निघायची. काही कोसांवर खोकायची, मरायची. तेजराम उतरून बॉनेट उघडायचा, इंजिनात पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची नळी काढून बघायचा. थोडा वेळ तशीच उभी ठेवली की मोटार आपोआप सुरू व्हायची. पुन्हा काही कोस चालायची, पुन्हा मरायची. भय्याजी मागच्या सीटवर बसून बॉनेटच्या फटीतून भावाचे हात बघायचा. नळी काढतो, हा मुद्दा त्यानं बरोबर पकडला. टाकीवर शिक्का आहे म्हणून आता नळीतून काढतो. बंद पाडतो, नळी उघडतो, काढतो, सुरू करतो. सगळं जुळलं. ज्याला जुळवायचंच असतं त्याचं सगळं जुळतं.

तेजराम एकदा म्हणाला, "दादा, टाकीचं झाकण—"

"झाकणाले हात लावाचा नाही."

"हात नाही लावत. आयकून तं घ्या."

"झाकणाचं नावच कायले काढून राहिला तू?"

 त्यानंतर तेजरामनं झाकणाचं नाव काढलं नाही.

मोठी मुलगी रुखमिणी जवाहरनगरला होती, नवरा फॅक्टरीत. तिच्या पोराचं बारसं ठरलं. आदल्या दिवशी भय्याजी सगळ्यांसमोर आंगणात उभा राहिला.

"उद्या गाडी मी चालवतो. मी आन् रंभा, दोघंच. माह्या हातून गाडी बंद नाही पडली, तं समजलं कोणाच्या हातून पडत होती ते. परवा तू आपलं बिऱ्हाड हलव."

शकुंतला दारात तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपावर थांबला.

"आन् बंद पडली तं?" तेजरामनं विचारलं.

"कायले पडन?"

"तशीच पडते ते. तुमाले पायजे तशी नाही पडत."

"तोंड चालवू नको. चाबी दे."

तेजरामनं चाबी दिली.

मोटार भय्याजीच्या हाताखाली मोहाडीबाहेर पडली आणि छान चालली. धानाच्या बांध्या मागं गेल्या, तलावाची पाळ मागं गेली. भय्याजीचा चेहरा उघडत गेला. "पाहाले लागली का तू?" तो रंभाबाईला म्हणाला. "पाहून तं राहिली," ती म्हणाली. तेवढ्यात मोटार खोकली. मग झटके देत गेली आणि वरठीच्या अलीकडे, पळसाच्या सावलीपासून जराशी पुढं, उन्हात मेली.

भय्याजी उतरला. जे जे भाऊ करायचा ते सगळं त्यानं केलं. बॅटरीची टोकं हलवली, घट्ट होती. प्लगच्या वायरी ओढून पाहिल्या, जागेवर होत्या. रेडिएटरला हात लावला आणि भाजून घेतला. मग पंपावरच्या काचेच्या वाटीकडं त्याचं लक्ष गेलं. वाटी कोरडी होती. टाकीतलं पेट्रोल इंजिनाच्या पंपापर्यंत आलंच नव्हतं.

त्याचा जीव हलका झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू आलं.

"टाकी खाली केली हरामखोरानं. काल रातीच केली असन. ये इकडं, तू साक्षीदार. शिक्का पाह्य आधी."

रंभाबाई मागं आली. शिक्का शाबूत होता. भय्याजीला तेही पटलं, चोर हुशार असतो. त्यानं जॅकच्या दांड्यानं लाख फोडली आणि झाकण फिरवलं. टाकीनं मोठ्यानं श्वास घेतला. पाण्यात बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा, लांब, आत ओढलेला. रंभाबाई दोन पावलं मागं सरली. भय्याजीनं पळसाची काडी तोडून टाकीत घातली. काडी वरपर्यंत ओली आली.

"टाकी भरली हाये जी," रंभाबाई म्हणाली.

"दिसते मले."

"मंग चोरलं काय?"

 भय्याजीनं पुढं जाऊन पंपाची दांडी हातानं वरखाली केली. काचेच्या वाटीत पेट्रोल चढलं. सेल्फ मारला, मोटार सुरू झाली. झाकण त्यानं तसंच लावलं, लाखेशिवाय. भोकातली लाखही खिळ्यानं कोरून काढली. टाकीतून पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला नको का? ती वाट त्यानं स्वतःच्या हातानं बुजवली होती, वर स्वतःच्या नावाचा शिक्का मारून. मोटार जवाहरनगरला जाऊन परत आली. एकदाही थांबली नाही.

 परतताना वेशीजवळ रंभाबाई म्हणाली, "आता तेजरामभाऊजीले सांगा."

"सांगतो."

तेजराम आंगणात खाटेवर बसला होता. मोटार आत आली तसा तो उठला, मागं गेला, झाकणाकडं बघितलं आणि परत येऊन बसला.

"तुले माहीत होतं," भय्याजी म्हणाला.

"हाव."

"सांगतलं काहून नाही?"

"सांगत होतो. तुमी बोलू देल्लं नाही. आन् लाख फोडली असती तं मी चोर. नाही फोडली तं गाडी बंद पडते, तरी मीच चोर. मी काय कराव?"

ह्यावर एकच शब्द बोलायचा होता. चुकलो. पण भय्याजीच्या डोक्यातला किडा मेला नव्हता. माहीत असून गप्प राहिला म्हणजे माझी फजिती व्हावी म्हणूनच राहिला, तो किडा म्हणाला. भय्याजीनं त्याचं ऐकलं.

"गाडी बंद पडली ना," तो म्हणाला. "तवा तू राह्य. मी जा म्हणत नाही."

"तुमी म्हणत नाही, हे खरं हाये," तेजराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजरामनं आंगणात चटई टाकून कार्बोरेटर खोलला. चोकची तार पेट्रोलनं धुतली, तेल लावलं, प्लगची काजळी ब्रशनं काढली. धुऊन उरलेलं पेट्रोल वाटीत ठेवून ती वाटी त्यानं भय्याजीसमोर आणून ठेवली. मोटार सुरू केली तर धूर निघाला नाही.

मग त्यानं मागच्या खोलीतून पेटी बाहेर आणली. शहापूरच्या एका गॅरेजवाल्यानं त्याला केव्हाचं बोलावलं होतं. शकुंतला गाठोडं काखेत घेऊन दाराशी उभी होती. रंभाबाई पदर तोंडाला लावून रडत होती आणि नवऱ्याकडं बघत होती.

तेजरामनं पेटी भय्याजीच्या पायाशी ठेवून झाकण उघडलं.

"पाहून घ्या, दादा. मागून बोलाचं काम नाही."

नको म्हणायला एवढासा वेळ पुरतो. रंभाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती, तो शब्द यायची वाट बघत. वर दोन सदरे होते, शकुंतलेचं लुगडं होतं, पान्यांची थैली होती.

भय्याजी खाली वाकला आणि त्यानं लुगडं बाजूला सारलं.