बाल्कनीपर्यंत पोचलेली कुजबुज

मी एक जुने नाट्यगृह आहे. वय विचारू नका. आमच्या चौकात कुणीही पत्ता सांगायला लागला की आधी माझे नाव घेतो, यातच सगळे आले.

मित्रांनो, मला बांधणारा गवंडी भलताच हट्टी होता. छताची कमान बसवली की तो आपल्या आईला बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत बसवायचा आणि रंगमंचावरून हळूच विचारायचा, "आई, जेवलीस का?" तिला ऐकू आले नाही की कमान उतरवून पुन्हा बसवायची. तिसऱ्या खेपेला वरून उत्तर आले, "मी कधीच जेवले, तूच उपाशी आहेस!" तो माझा वाढदिवस.

पुढे माझी नुसती चंगळ होती. टाळ्या, शिट्ट्या, 'वन्स मोअर'! फक्त एकच घोटाळा व्हायचा. विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्ये सांगणारी आमची प्रॉम्प्टर मावशी कितीही हळू बोलली, तरी बाल्कनीला ऐकू जायचे. नटाने विनोद करण्याआधीच लोक हसून मोकळे व्हायचे.

"मावशी, जरा हळू!" नट वैतागायचे.

"याहून हळू म्हणजे मनातच सांगावं लागेल," ती म्हणायची.

मग शहरात गारेगार नवी नाट्यगृहे झाली आणि माझ्याकडे कुणी फिरकेना. छत गळू लागले. खुर्च्यांत उंदरांनी संसार थाटले. फार वाईट वाटायचे हो. एके सकाळी मला दुरुस्त करायचे की पाडायचे, हे ठरवायला इंजिनिअर साहेब आले. किल्ल्या घेऊन मावशी आली, सोबत पडदा ओढणारे तिचे यजमान. माझा जीव टांगणीला लागला.

साहेबांनी माइक लावून पाहिला. तो ढिम्म. ते बाल्कनीत जाऊन म्हणाले, "आवाजाची काही सोयच नाही. पाडलेलं बरं." आणि त्यांनी वहीत तसे लिहिलेसुद्धा.

खाली विंगेत मावशी यजमानांच्या कानाशी पुटपुटली, "आला मोठा शहाणा! आधी बुटाची नाडी बांध म्हणावं, सुटलीय."

वर साहेबांनी वाकून नाडी बांधली. मग ते दचकून उभे राहिले. "कोण बोललं?"

मावशीने जीभ चावत विंगेतून डोके बाहेर काढले.

"मावशी, पुन्हा बोला. तसंच, हळू."

"काय बोलू, साहेब? छप्पर तेवढं नीट करा. माझं निम्मं आयुष्य इथे गेलंय."

साहेब बाल्कनीच्या कोपऱ्याकोपऱ्यात उभे राहिले आणि प्रत्येक वेळी तिला बोलायला लावले. शेवटी त्यांनी वहीतली ती ओळ खोडली. मला आनंदाने नाचावेसे वाटले, पण इमारतीने नाचू नये.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या प्रयोगाला मी खचाखच भरलो होतो. मावशी आता निवृत्त, म्हणून मानाने पहिल्या रांगेत. नाटक जुनेच, आणि ऐन रंगात नट वाक्य विसरला! मावशीचे ओठ हलले, तोच यजमानांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "आज तू प्रेक्षक आहेस!"

आणि मग अख्ख्या प्रेक्षागृहाने ते वाक्य हळूच सांगितले. नटाला हसू फुटले, लोक हसले, मावशी हसता हसता रडली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना रंग लावा, छप्पर शाकारा, पण त्याआधी आत येऊन बसा. रिकाम्या खुर्च्यांची काळजी कुणाला वाटत नाही. आणि हो, वाक्य पाठ असले, तरी आधी नटाला बोलू द्या!