वीस हजारांचा गोल आकडा

गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता माझ्या पडद्यावर वीस हजार हा आकडा उमटला. तो गोल होता, देखणा होता आणि चुकीचा होता.

मित्रांनो, मी एक जुना कॅलक्युलेटर आहे. माझ्यात बॅटरी नाही. कपाळावर एक काळी पट्टी आहे, तिच्यावर उजेड पडला की मी जागा होतो. माझी पहिली एकोणीस वर्षे आप्पांच्या औषधांच्या दुकानात गेली. खोकल्याच्या गोळ्यांची बरणी आणि पावतीपुस्तक यांच्यामध्ये माझी जागा ठरलेली होती. आप्पा माझ्याकडे न बघता कळा दाबत आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहत. त्यांची एक सवय होती. बेरीज अगदी गोल आली की ते बिल पुन्हा मांडत. औषधांच्या किमती इतक्या शहाण्यासारख्या जुळत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. या यंत्राने मला कधी तोंडघशी पाडले नाही, असे त्यांनी एकदा औषध कंपनीच्या माणसाला सांगितले होते. ते वाक्य मी जपून ठेवले आहे.

पुढे दुकान विकले आणि मी त्यांच्याबरोबर घरी आलो. घरात ज्याच्या त्याच्या हातात फोन, मला कोण विचारतो? एकदा माझ्यावर चहा सांडला आणि तीनची कळ चिकटली ती कायमची. मग मी खणात गेलो. अंधारात मला काहीच कळत नाही, त्यामुळे त्या चार वर्षांबद्दल माझी तक्रार नाही.

मला बाहेर काढले ते आप्पांच्या मुलाने. तो लिफ्टचा मेकॅनिक. त्याची कंपनी त्याला दोन वर्षांसाठी परदेशी पाठवणार होती. बायको-मुलांना घेऊन जा, शाळेचा खर्च आम्ही देऊ, असे कंपनी म्हणाली. मात्र वर्षाचा आकडा आधी कळवायचा होता, आणि तो एकदा करारात लिहिला की दोन वर्षे बदलणार नव्हता. सूनबाईंनी आपले मत उभ्या उभ्या सांगून टाकले होते. तिथे जाऊन फी भागली नाही म्हणून मुलांना शाळेतून काढण्यापेक्षा तुम्ही एकटे जा, आम्ही इथेच बरे. मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांचे अर्ज त्यांनी भरून ठेवले होते, पण शाळेत दिले नव्हते.

फोनवर नव्या शाळेचे फीचे पत्रक उघडे होते, म्हणून आकडेमोड माझ्याकडे आली. तिथल्या चलनात थोरलीचे एका सत्राचे चार हजार आठशे, धाकट्याचे चार हजार शंभर. एकूण आठ हजार नऊशे. गुणिले दोन. वर बस आणि गणवेश मिळून वर्षाचे दोन हजार दोनशे.

आप्पांनी पेपर बाजूला करून माझ्याकडे पाहिले. "एवढा गोल? पुन्हा मांड."

मुलाने पुन्हा मांडला. मी पुन्हा वीस हजारच दाखवले.

"आप्पा, यंत्र चुकत नाही," असे म्हणून त्याने फोनवरूनच कंपनीला पत्र पाठवून दिले.

मी खरोखरच चुकलो नव्हतो. मला जे विचारले त्याचे उत्तर मी बरोबर दिले होते. इथे शाळेचे वर्ष दोन सत्रांचे असते. आप्पा तसेच शिकले, मुलगाही तसाच शिकला. दोनची कळ दाबताना त्याचे बोट अडखळले नाही.

चूक सापडली संध्याकाळी सात वाजता, जेवताना. ती सापडली दहा वर्षांच्या नातीला, आणि तिला पैशांशी काही देणेघेणे नव्हते. आपण सुट्टीत कधी येणार हे मैत्रिणीला कळवायचे, म्हणून ती नव्या शाळेचे वेळापत्रक बघत होती.

"बाबा, मी वर्षातून तीनदा येऊ शकते," ती म्हणाली. "प्रत्येक सत्र संपलं की सुट्टी आहे."

मुलाचा घास हातातच राहिला. "किती सत्रं म्हणालीस?"

"तीन. त्यात काय?"

नातीने मला पुढ्यात ओढले. तीनची कळ काही केल्या दबेना, तेव्हा आप्पांनी तिला तीन वेळा बेरीज करायला सांगितले. सव्वीस हजार सातशे. बस आणि गणवेश धरून अठ्ठावीस हजार नऊशे. एक अख्खे सत्र सुटले होते.

सूनबाई चिडल्या नाहीत. "लिफ्टचा दोर तीन-तीनदा तपासता," त्या म्हणाल्या. "शाळेनं काय घोडं मारलं होतं?"

आधी हसले ते आप्पा, मग सगळेच. मुलाने मात्र सकाळचे पत्र पुन्हा उघडले. एकदा दिलेला आकडा बदलला तर साहेब काय म्हणतील, त्यापेक्षा जादा पाळ्या करून फरक आपणच भरू, असे तो पुटपुटू लागला. सूनबाईंनी अर्ज उचलून खणात ठेवले.

मुलाने आप्पांकडे पाहिले. "तुमचं बिल चुकायचं तेव्हा काय करायचात?"

"गिऱ्हाईक पायऱ्या उतरायच्या आत हाक मारायचो," आप्पा म्हणाले. "उशीर केला की लाज वाढते."

जेवण तसेच ठेवून त्याने दुसरे पत्र लिहिले. चूक माझी आहे, असे पहिल्याच ओळीत लिहिले. कचेरीतल्या बाईंनी लगेच कळवले की साहेब सकाळी बघतील, करार शुक्रवारी बारा वाजता सहीला जाईल.

मित्रांनो, मला खिडकीत ठेवा, उजेड द्या, माझ्यावर चहा सांडू नका. मी जन्मभर तुमची बेरीज करीन. पण कशाला कितीने गुणायचे, हे मला कळत नाही. ते तुम्हीच विचारून घ्यायचे असते, आणि जिथे राहायला जायचे तिथल्या माणसांना विचारायचे असते.

मी सध्या सुखात आहे. गेलो तर याला माझ्या दप्तरात नेणार, असे नातीने जाहीर केले आहे. काल रात्री तिने कापसाने माझ्या कळा पुसल्या. तीनची मात्र अजून दबत नाही.

आज शुक्रवार. अकरा वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. फोन टेबलावर आहे, साहेबांचे उत्तर अजून आलेले नाही, अर्ज खणात आहेत. मी खिडकीत आहे, आणि माझ्या पडद्यावर नातीने सकाळी पुन्हा मांडलेला अठ्ठावीस हजार नऊशे हा आकडा आहे. तो कुणीही पुसलेला नाही.