गोठेवाली की टाकीवाली

सरांच्या घरात डास मारायलाही परवानगी लागायची. आधी तो पेल्याखाली पकडायचा, मग सर निरखून त्याची जात सांगणार, आणि तोवर चावून घेतलेल्या काकू म्हणणार, की लग्नाआधी माझीसुद्धा एवढी चौकशी झाली नव्हती. काकू ही गोष्ट येईल त्याला ऐकवत आणि ताई दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारख्या हसत. ताई म्हणजे सरांच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ. बावीस वर्षं दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत आली होती. सर सूक्ष्मदर्शकातून पाहून डासाची जात सांगत, ताई वहीत लिहीत.

शास्त्रीय नावं कागदासाठी होती. बोलण्यात महत्त्वाच्या जाती दोनच, गोठेवाली आणि टाकीवाली. गोठेवाली गुरांना चावते, माणसाच्या फारशी वाटेला जात नाही. टाकीवाली उघड्या पाण्यात वाढते आणि घरोघरी मलेरिया पोचवते. दिसायला सख्ख्या बहिणी. फरक काय तो टाकीवालीच्या पायांवरच्या बारीक फिकट ठिपक्यांचा. सरांनी उभी हयात टाकीवालीच्या मागे घालवली होती. टाक्यांना झाकणं बसवून घेतली, हौदांत मासे सोडले, साहेबलोकांच्या दारी चपला झिजवल्या. आता नऊ वर्षांत ती शहरात सापडली नव्हती. शुक्रवारी सर निवृत्त होणार होते आणि त्याआधी ‘शहर टाकीवालीमुक्त’ असा त्यांचा शेवटचा अहवाल जायचा होता. तो गेला की शहरभर लावलेले डासांचे सापळे निघणार होते आणि फवारणीची पथकंही.

बुधवारी शेवटच्या सापळ्यांतले डास आले. सरांनी ते भराभर पाहिले. सगळ्या गोठेवाल्याच, झालं आपलं काम, असं म्हणून ते खुशीत चहा सांगायला गेले.

ताईंनी नेहमीसारखा मागाहून डोळा लावला. दोन वर्षं त्या हे चोरून करत होत्या. सर समोरचा कप चाचपून उचलू लागले आणि ‘चष्मा घरी राहिला’ म्हणून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांच्याकडून वाचून घेऊ लागले, तेव्हापासून. पाच-सहा वेळा चूक निघाली, ती त्यांनी वहीत गुपचूप दुरुस्त केली. साध्याच जाती होत्या, कुणाचं काही बिघडत नव्हतं.

आज शेवटच्या डासाच्या पायांवर ठिपके होते. ताईंनी भिंग बदललं, काच फिरवली, स्वतःचा चष्मा पुसला. ठिपके होते तिथेच होते. चिठ्ठीवर सापळा क्रमांक सात, म्हणजे सरांच्याच घरामागचा, काकूंच्या झाडांसाठीच्या पाण्याच्या पिंपाजवळचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. बोलावं, तर या माणसाची नऊ वर्षं एका वाक्यात पाण्यात जाणार. न बोलावं, तर पथकं उठणार आणि पुढच्या वर्षी कुणाची तरी पोरं तापाने फणफणणार. सरांवर त्यांचा फार जीव होता. क्षणभर त्यांना वाटलं, एका डासाचं काय एवढं. आणि असं वाटल्याची त्यांना लगेच लाज वाटली.

सर परत आल्यावर त्या म्हणाल्या, “सर, शेवटचा पुन्हा एकदा बघता?”

सरांनी बराच वेळ पाहिलं. मग मान वर केली. “तुम्हाला काय दिसतं, ताई?”

“टाकीवाली,” ताई म्हणाल्या, आणि सापळा कुठला तेही एका दमात सांगून टाकलं.

सर रागावले नाहीत. दोन वर्षं आपल्याला मधोमध नुसतं धुकं दिसतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. डोळ्याचा पडदा झिजलाय, उपाय नाही. आपण सांगितलेली प्रत्येक जात त्यांना तोंडपाठ असायची. वर्षाअखेरीचा तक्ता काकूंकडून वाचून घेतला आणि त्यात काही वेगळ्या निघाल्या, तेव्हा त्यांनी ते डास दुसऱ्या प्रयोगशाळेकडून तपासून घेतले. प्रत्येक वेळी ताईंचंच बरोबर होतं.

“मग बोलला का नाहीत, सर?”

“हे टेबल सुटलं असतं. घरी बसून मी काय केलं असतं?” सर म्हणाले. “आणि तुम्ही होतात ना.”

ताईंनी पदराने डोळे टिपले. सर म्हणाले, पिंप आजच उपडं करू, पण काकूंशी तुम्ही बोला, मला अजून संसार करायचाय. मग त्यांनी अहवालातला ‘मुक्त’ शब्द ताईंना खोडायला लावला आणि तक्त्याच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे ‘जात ओळखणारे’ असं छापलेलं होतं, आणि बावीस वर्षं त्यापुढे सरांचंच नाव लागत आलं होतं.

“इथे तुमचं नाव लिहा.”

“सर, तिथे तज्ज्ञाचं नाव लागतं.”

“म्हणून तर म्हणतोय.”

ताईंनी नाव लिहिलं. अक्षर थोडं वाकडं आलं. सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि परत त्यांच्या हातात दिला.

“वाचून दाखवा,” ते म्हणाले. “मला ऐकायचंय.”

ताईंनी उभं राहून आपलं पूर्ण नाव वाचलं.